नोव्होचेर्कास्क, जून १९६२: दरवाढ देशभर झाली, कारखाना एकाच शहरात का पेटला?

१ जून १९६२ रोजी सकाळी सगळ्या सोव्हिएत संघाला एकच बातमी कळली. मांस आणि मांसाचे पदार्थ सरासरी ३० टक्क्यांनी महाग झाले होते, लोणी २५ टक्क्यांनी. सरकारने वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून कारणे सांगितली होती आणि लोकांनी परिस्थिती समजून घ्यावी असे आवाहनही केले होते. अनेक शहरांत भिंतींवर संतापाचे शब्द उमटले, कुठे हाताने लिहिलेली पत्रके सापडली, दुकानांपुढच्या रांगांत लोक उघडपणे बोलू लागले. पण कारखाना बंद पडणे, रेल्वे अडणे, हजारोंचा मोर्चा निघणे आणि शेवटी गोळीबार होणे, हे सगळे एकाच ठिकाणी घडले. ते ठिकाण म्हणजे दक्षिण रशियातले, रोस्तोव्हजवळचे नोव्होचेर्कास्क.

रशियातल्या असंतोषाची कारणे सांगताना आपण सहसा एक यादी देतो: गरिबी, जुलूम, जमिनीची भूक, हरलेली युद्धे. यादी चुकीची नसते. पण ती रशियाला कित्येक शतके लागू होती आणि त्यातली बहुतेक वर्षे लोकांनी मुकाट्याने काढली. मग उठाव ठराविक दिवशी, ठराविक गावातच का होतो? नोव्होचेर्कास्कमध्ये हा प्रश्न जवळून तपासता येतो, कारण दरवाढ हा घटक सगळ्या देशाला समान होता. जे वेगळे होते ते त्या एका शहरात आणि त्या एका कारखान्यात शोधावे लागते.

शहर आणि कारखाना

नोव्होचेर्कास्क १८०५ मध्ये अतामान प्लातोव्ह यांनी वसवले, डॉन नदीकाठच्या कोसॅकांची, म्हणजे लढवय्या घोडेस्वार समाजाची, राजधानी म्हणून. अतामान म्हणजे कोसॅकांचा प्रमुख. टेकडीवर वसलेले, मोठ्या कॅथेड्रलचे आणि रुंद रस्त्यांचे शहर. गृहयुद्धात ते क्रांतिविरोधी श्वेत सैन्याचे केंद्र होते. पुढे अतामानच्या जुन्या राजवाड्यात कम्युनिस्ट पक्षाची शहर समिती बसू लागली आणि समोरच्या चौकाला लेनिनचे नाव मिळाले. तुझलोव्ह नदीच्या पलीकडे, शहरापासून काही किलोमीटरवर, विजेवर चालणारी रेल्वे इंजिने बनवणारा प्रचंड कारखाना उभा राहिला. बुद्योन्नी या घोडदळाच्या सेनानीचे नाव त्याला दिलेले होते.

ही इंजिने म्हणजे देशाच्या प्रगतीची जाहिरातच होती. ती बनवणाऱ्यांची घरे मात्र तशी नव्हती. कित्येक कुटुंबे लाकडी बराकींत राहत, नाहीतर खासगी खोल्या भाड्याने घेत, आणि त्या भाड्यात पगाराचा मोठा भाग जाई. सरकारी दुकानांत मांस आणि लोणी क्वचित दिसे. शेतकऱ्यांच्या बाजारात ते मिळे, पण तिथला भाव कामगाराच्या आवाक्याबाहेरचा. ओतशाळेतले काम उष्णतेचे, धुराचे आणि जोखमीचे, म्हणून तिथे माणसे टिकत नसत. शिक्षा भोगून सुटलेल्या लोकांनाही कारखान्याला भरती करून घ्यावे लागे. पुढे सरकारने सगळ्या प्रकाराचे खापर याच लोकांवर फोडले.

दरवाढीआधीची पाच वर्षे

दरवाढ निव्वळ लहरीपणातून आलेली नव्हती, हे मान्य करायला हवे. सामूहिक शेतांना जनावरांसाठी सरकार जी किंमत देई, त्यात पालनाचा खर्चही निघत नसे. जितकी जनावरे जास्त तितका तोटा जास्त. त्यामुळे खरेदीचे दर सरासरी ३५ टक्क्यांनी वाढवायचे ठरले, आणि तो भार दुकानातल्या गिऱ्हाइकावर टाकला गेला. हिशेब म्हणून यात तथ्य होते.

पण लोकांच्या मनात वेगळा हिशेब होता. युद्धानंतर, १९४७ पासून स्टालिनच्या काळात दरवर्षी वस्तूंच्या किमती कमी झाल्याची घोषणा होई. त्या कपातीची किंमत खेड्यांनी मोजली होती, पण शहरातल्या कामगाराला एक सवय लागली: सोव्हिएत राज्यात किमती खाली येतात, वर जात नाहीत. १९५७ मध्ये सोव्हिएत पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह यांनी जाहीर केले की दरडोई मांस, दूध आणि लोण्याच्या उत्पादनात आपण लवकरच अमेरिकेला गाठू. त्या घोषणेपायी रियाझान प्रांतात काय झाले ते रशियात आजही सांगितले जाते. तिथला पक्षप्रमुख लारिओनोव्ह याने एका वर्षात मांसाचा पुरवठा तिपटीने वाढवण्याचे वचन दिले. ते पुरे करण्यासाठी दुभती जनावरे आणि पैदाशीची खोंडे कापली गेली, शेजारच्या प्रांतांतून मांस विकत आणून स्वतःचे म्हणून दाखवले गेले. १९६० मध्ये बिंग फुटले आणि लारिओनोव्हने जीव दिला. याच वर्षांत लोकांच्या परसातल्या खासगी गाई-डुकरांवरही निर्बंध आले, म्हणजे दुकान रिकामे असताना घरचा आधारही तुटला. जानेवारी १९६१ मध्ये जुन्या दहा रुबलांचा एक नवा रुबल झाला आणि बाजारातले भाव त्या प्रमाणात उतरले नाहीत. ऑक्टोबर १९६१ मध्ये पक्षाच्या बाविसाव्या अधिवेशनाने सांगितले की आजची पिढी साम्यवादात जगेल. १९८० पर्यंत त्याचा पाया पुरा होईल.

या घोषणेला आठ महिनेही झाले नव्हते तेव्हा मांस महागले. दारिद्र्यापेक्षा दिलेल्या शब्दाचा भंग माणसाला अधिक झोंबतो, असे मला हे प्रकरण वाचताना पुन्हा पुन्हा वाटले. १९४६-४७ च्या दुष्काळात सोव्हिएत संघात लाखो माणसे मेली आणि शहरे शांत राहिली. १९६२ मध्ये कोणी उपाशी मरत नव्हते.

एवढे सगळे देशभर सारखेच होते. नोव्होचेर्कास्कच्या कारखान्यात त्यावर आणखी एक थर होता. १९६२ च्या पहिल्या महिन्यांपासून तिथे कामाचे प्रमाण वाढवून नगावारी मजुरीचे दर कमी करण्याचे काम सुरू होते. एकेका विभागात कामगाराच्या हातात पडणारी रक्कम २५ ते ३० टक्क्यांनी घटली. दरवाढ मॉस्कोत ठरली होती, मजुरीकपात कारखान्यात राबवली जात होती. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या टेबलांवरून निघाले आणि एकाच घरात एकाच वेळी पोचले. मला हे पहिले निर्णायक कारण वाटते. एका बाजूने उत्पन्न जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी आणि दुसऱ्या बाजूने ताटातला पदार्थ तितकाच महाग, ही कात्री देशातल्या बहुतेक कारखान्यांत त्या दिवशी नव्हती.

संचालकांचे उत्तर

१ जूनच्या सकाळी पोलादाच्या ओतशाळेतले काही कामगार काम सोडून बोलत उभे होते. अजून संप नव्हता. मागणीपत्र नव्हते, पुढारी नव्हता. लोक एवढेच विचारत होते की आता जगायचे कसे. हळूहळू माणसे वाढली आणि कारखान्याचे संचालक बोरिस कुरोच्किन तिथे आले. कामगारांनी त्यांनाही तेच विचारले. मांसाला पैसे पुरत नसतील तर काळजाच्या सारणाच्या पिरोश्की खा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पिरोश्की म्हणजे रस्त्यावर मिळणारी सारण भरलेली स्वस्त पाव-करंजी.

वाक्याचे नेमके शब्द साक्षीदारांनी थोडे वेगवेगळे सांगितले आहेत. परिणाम मात्र सगळ्यांनी सारखाच सांगितला. काही मिनिटांत लोक विभागाविभागांत जाऊन सांगू लागले की संचालक आपली चेष्टा करतो आहे. कोणीतरी कारखान्याचा भोंगा सुरू केला आणि तो वाजतच राहिला. ज्याने गिरणगावातला भोंगा ऐकला आहे त्याला अवेळी वाजणाऱ्या भोंग्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाळीवर नसलेले लोक आणि आसपासच्या वस्तीतल्या बाया-माणसे फाटकापाशी जमली. दुपारपर्यंत हजारो लोक होते. कारखान्याजवळून जाणारा सारातोव्ह-रोस्तोव्ह लोहमार्ग त्यांनी अडवला आणि एक प्रवासी गाडी थांबवली. इंजिनावर खडूने लिहिले गेले: ‘ख्रुश्चेव्हचे मांस करा’. कार्यालयावरची ख्रुश्चेव्ह यांची चित्रे उतरवून जाळली गेली. फलकांवरची मागणी साधी होती: मांस, लोणी, पगारवाढ.

एका उर्मट वाक्याने उठाव होतो का? एरवी होत नाही. इथे झाला, कारण त्या वाक्याने एक रस्ता बंद झाला. कामगार ज्याच्याकडे जाऊ शकत होते असा तो शेवटचा माणूस होता. कामगार संघटना होती, पण ती व्यवस्थापनाची आणि पक्षाची. उत्पादन वाढवणे हे तिचे काम होते. संप करण्याचा हक्क कायद्यात नव्हता आणि त्याची गरजच नाही असे सांगितले जाई, कारण कारखाना कामगारांचाच होता. वर्तमानपत्र तक्रार छापणार नव्हते. ओतशाळेच्या दाराशी बोलणे एवढाच मार्ग उरला होता, आणि तिथे पिरोश्कीचे उत्तर मिळाले.

संध्याकाळी रोस्तोव्ह प्रांताचे पक्षप्रमुख बासोव्ह कार्यालयाच्या सज्जातून बोलायला उभे राहिले. त्यांनी दरवाढीबद्दलचे छापील आवाहनच वाचायला सुरुवात केली. लोकांनी ते सकाळीच वाचलेले होते. सज्जाच्या दिशेने दगड आणि बाटल्या आल्या. रात्री रणगाडे आणि सैनिक कारखान्यात शिरले, आणि पुढारी ठरवून काहीजणांना अटक झाली.

२ जून: लेनिनचे चित्र घेऊन

दुसऱ्या दिवशी कामगार पाळीवर आले तेव्हा कारखान्यात बंदूकधारी सैनिक होते. बंदुकीखाली काम करणार नाही असे म्हणत ते बाहेर पडले आणि शहराकडे चालू लागले. वाटेत दुसऱ्या कारखान्यांतले लोक, विद्यार्थी, बायका आणि मुले सामील झाली. लाल बावटे होते, लेनिनची चित्रे होती. रूप मे दिनाच्या मिरवणुकीसारखे होते, कारण मिरवणुकीचा दुसरा कोणताही नमुना या पिढीला ठाऊक नव्हता. अटकेतल्या साथींना सोडा आणि आमचे ऐका, एवढेच त्यांना सांगायचे होते.

तुझलोव्हच्या पुलावर रणगाडे आडवे उभे केलेले होते. तिथली जबाबदारी जनरल मात्वेई शापोश्निकोव्ह यांच्याकडे होती. ते उत्तर कॉकेशस लष्करी विभागाचे उपप्रमुख, दुसऱ्या महायुद्धात ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब मिळवलेले. त्यांनी सैनिकांना बंदुका रिकाम्या करून दारूगोळा जमा करायला लावला होता. विभागप्रमुख जनरल प्लिएव्ह यांच्याकडून रणगाडे पुढे घालण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांनी उत्तर दिले, ‘आपल्या रणगाड्यांनी ज्याच्यावर हल्ला करावा असा शत्रू मला समोर दिसत नाही.’ लोक रणगाड्यांवर चढून पलीकडे उतरले आणि मोर्चा शहरात गेला.

पक्षाच्या अगदी वरच्या थरातले नेते त्या वेळी शहरात होते: फ्रोल कोझलोव्ह, अनास्तास मिकोयान, किरिलेन्को, पोल्यान्स्की, शेलेपिन. मोर्चा जवळ येतो आहे हे कळल्यावर ते शहर समितीच्या इमारतीतून निघून लष्करी छावणीत गेले. चौकात जमलेले लोक मिकोयान यांना हाका मारत राहिले, आमच्याशी बोला म्हणून. मिकोयान क्रांतीच्या काळातले जुने बोल्शेव्हिक, त्यांच्यावर लोकांचा अजून विश्वास होता. कोणी आले नाही. काहीजण इमारतीत घुसले, सज्जातून भाषणे झाली. एक गट अटकेतल्यांना सोडवायला पोलीस ठाण्यावर गेला. तिथे गोळीबार होऊन माणसे मेली. चौकात जनरल ओलेश्को यांच्या सैनिकांनी इमारतीपुढे रांग धरली, लोकांना मागे हटण्यास सांगितले गेले, हवेत फैरी झाल्या आणि मग समोर गोळ्या सुटल्या.

पुढच्या काळातल्या तपासात मृतांची संख्या २६ ठरली, जखमींची ८७. मेलेल्यांत मोर्च्यात नसलेलेही होते. केशकर्तनालयात काम करणारी एक स्त्री भरकटलेल्या गोळीने गेली. चौकालगतच्या झाडांवर चढून बसलेली लहान मुले पहिल्या फैरीत मेली, असे शहरात वर्षानुवर्षे सांगितले गेले. अधिकृत यादीत तशी नोंद नाही. पण ज्या शहरात मेलेल्यांची नावे उच्चारायला बंदी होती तिथे लोकांना अशा गोष्टी खऱ्या वाटल्या याचे मला नवल वाटत नाही.

पुसून टाकलेले शहर

प्रेते नातेवाइकांना दिली गेली नाहीत. रोस्तोव्ह प्रांतातल्या दूरदूरच्या कब्रस्तानांत ती गुपचूप पुरली गेली आणि पुरणाऱ्यांकडून कधीही न बोलण्याचा लेखी करार घेतला गेला. चौकातले रक्त धुऊन जाईना म्हणून डांबराचा नवा थर घातला गेला. संचारबंदी लागली. त्याच वेळी दुकानांत एकाएकी माल आला.

मग खटले. साध्या वेशातल्या लोकांनी गर्दीची छायाचित्रे काढली होती, त्यांवरून माणसे उचलली गेली. ऑगस्टमध्ये सातजणांना मृत्युदंड सुनावला गेला आणि तो अमलात आला. शंभराहून अधिक लोकांना कैद झाली, काहींना १५ वर्षांपर्यंत. मृत्युदंडासाठी दरोडेखोरी आणि सामूहिक दंगल अशी कलमे लावली होती. त्या सातांतला बोरिस मोक्रोउसोव्ह हा नेत्यांशी बोलायला छावणीत गेलेल्या कामगारांच्या शिष्टमंडळात होता. बोलणी करायला गेलेल्या माणसाला गोळी घालणारे राज्य पुढच्या वेळी कोणाशी बोलणार होते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

शापोश्निकोव्ह यांना १९६६ मध्ये निवृत्त केले गेले. त्यांनी लेखकांना पत्रे लिहून ही हकिगत पोचवण्याचा प्रयत्न केला, त्यावरून १९६७ मध्ये चौकशी झाली आणि पक्षातून हकालपट्टीही. प्योत्र सिउदा हा कारखान्यातला कामगार १२ वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला, शिक्षा पुरी होण्याच्या कितीतरी आधी सुटला, आणि उरलेले आयुष्य साक्षीदार शोधण्यात घालवून १९९० मध्ये वारला. आज आपल्याला जे तपशील माहीत आहेत त्यातले पुष्कळसे त्याच्या चिकाटीमुळे.

सोव्हिएत वर्तमानपत्रांनी पंचवीसेक वर्षे या घटनेबद्दल एक ओळ छापली नाही. याच काळात आपल्याकडे सोव्हिएत प्रकाशनांची मराठी पुस्तके स्वस्तात मिळत, सुबक छपाईची मासिके घरोघर येत, आणि लाल बावट्याखाली मोर्चे काढणारे मुंबईचे गिरणी कामगार रशियाकडे आपले भविष्य म्हणून पाहत. १९०८ मध्ये टिळकांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी केलेल्या संपाची लेनिनने मोठ्या आदराने दखल घेतली होती, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाई. त्याच लेनिनचे चित्र हातात धरून चाललेल्या कामगारांवर त्याच्याच नावाच्या चौकात गोळ्या झाडल्या गेल्या, ही गोष्ट त्या वाचकांपर्यंत पोचायला हवी होती. पोचली नाही.

जुनी वाट

नोव्होचेर्कास्कच्या मोर्च्याकडे पाहताना दोन जुनी दृश्ये समोर येतात. पहिले जून १६४८ मधल्या मॉस्कोचे. मिठावरच्या जबर कराने आणि नंतर जुन्या करांच्या थकबाकीच्या वसुलीने लोक गांजले होते. तीर्थयात्रेहून परतणाऱ्या तरुण झार अलेक्सेई यांना वाटेत गाठून अधिकाऱ्यांविरुद्धचे गाऱ्हाणे द्यायचा त्यांनी प्रयत्न केला. रक्षकांनी त्यांना हाकलले, काहींना पकडले, आणि त्यानंतर शहर पेटले. दुसरे दृश्य जानेवारी १९०५ मधल्या सेंट पीटर्सबर्गचे. पुतिलोव्ह कारखान्यातल्या चार कामगारांना काढल्यावरून संप झाला, आणि पाद्री गापोन यांच्यामागे हजारो कामगार देवांच्या तसबिरी आणि झारचे चित्र घेऊन हिवाळी राजवाड्याकडे निघाले. झार तिथे नव्हताच. सैन्याने गोळ्या झाडल्या.

१९०५ मध्ये झारचे चित्र, १९६२ मध्ये लेनिनचे. लोकांची धारणा एकच होती: राज्य आपले आहे, वरचा माणूस चांगला आहे, मधल्या अधिकाऱ्यांनी त्याच्यापर्यंत आपले म्हणणे पोचू दिलेले नाही. रशियातले कित्येक उठाव या विश्वासातून सुरू झाले आहेत, आणि तो विश्वास मोडल्याच्या क्षणी त्यांनी धार धरली आहे. राज्य उलथायला निघालेले लोक मागणीपत्र घेऊन येत नाहीत. नोव्होचेर्कास्कचे कामगार सोव्हिएत सत्तेला विरोध करत नव्हते. ती सत्ता जे बोलते ते तिने करावे एवढीच त्यांची मागणी होती.

आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ठिणगी अन्नाची. १९०५ च्या जूनमध्ये पोत्योम्किन युद्धनौकेवर अळ्या पडलेले मांस, १९१२ मध्ये सैबेरियातल्या लेना नदीवरच्या सोन्याच्या खाणीत कुजके मांस, फेब्रुवारी १९१७ मध्ये पेत्रोग्राडमधल्या (म्हणजे सेंट पीटर्सबर्गमधल्या) पावाच्या रांगा. अन्न कमी होते म्हणून हे घडले असे म्हणणे मला अपुरे वाटते. पोत्योम्किनवर डॉक्टरने ते मांस तपासून खाण्याजोगे ठरवले होते. खलाशांना डोळ्यांनी अळ्या दिसत होत्या आणि अधिकारी सांगत होता की त्या महत्त्वाच्या नाहीत. कुरोच्किन यांची पिरोश्की त्याच जातीची. भूक सहन होते. तुझी भूक खरी नाही, असे सांगितलेले सहन होत नाही.

मग क्रांती का झाली नाही?

फेब्रुवारी १९१७ मध्येही पेत्रोग्राडच्या चौकात सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी व्होलिन्स्की रेजिमेंटच्या सैनिकांनी बंड केले आणि बाकीच्या तुकड्या त्यांच्यामागे गेल्या. सैन्यच फुटल्यावर झारच्या हातात काही उरले नाही. १९६२ मध्ये शापोश्निकोव्ह यांच्या रूपाने ती फूट क्षणभर दिसली आणि तिथेच थांबली. सैन्य युद्धात गुंतलेले नव्हते, थकलेले नव्हते, आणि चौकात शेवटी जे सैनिक उभे होते ते अंतर्गत सुरक्षेच्या दलाचे होते, याच कामासाठी ठेवलेले. वरच्या नेतृत्वातही दुफळी नव्हती. कोझलोव्ह आणि मिकोयान यांच्यात मतभेद होते, मिकोयान बोलणी करण्याच्या बाजूचे मानले जातात, पण एकानेही बाहेर पडून वेगळी भूमिका घेतली नाही. १९१७ मध्ये ड्यूमा ही संसद होती, विरोधी पक्ष होते, छापखाने होते. रस्त्यावरच्या रागाला सत्तेचा दावा करणारी माणसे लगेच मिळाली. १९६२ च्या रशियात अशी एकही संस्था शिल्लक नव्हती. शहराभोवतीचे रस्ते आणि दूरध्वनी तोडल्यावर बातमी शेजारच्या प्रांतातही धड पोचली नाही.

थोडक्यात, ठिणगीची कारणे एक आणि वणवा पसरण्याची कारणे दुसरी. रशियन इतिहासावर लिहिताना ही दोन्ही एकाच यादीत घातली जातात, त्यामुळे १९०५, १९१७ आणि १९६२ एकसारखे दिसू लागतात. ओतशाळेतला राग पुतिलोव्हच्या रागाहून कमी नव्हता. त्या रागाला पोचायला जागा नव्हती, एवढाच फरक.

राज्य काय शिकले

सरकारने दरवाढ मागे घेतली नाही. पण पुन्हा करण्याची हिंमतही केली नाही. मांस आणि पावासारख्या रोजच्या अन्नाच्या सरकारी दुकानातल्या किमती १९६२ नंतर जवळजवळ तीन दशके तशाच ठेवल्या गेल्या. शेतांना द्यायचे दर वाढत गेले, पगार वाढत गेले, दुकानातली पाटी हलली नाही. मधली तफावत तिजोरीतून भरली जाऊ लागली. १९८० च्या दशकात तर मांस उत्पादनखर्चाच्या निम्म्याहूनही कमी किमतीला विकले जात होते. स्वस्त असल्यामुळे ते दुकानात टिकत नसे, रांगा लांबत गेल्या, आणि मॉस्कोबाहेरच्या शहरांतले लोक मांसासाठी रेल्वेने मॉस्कोला जाऊ लागले. १९६३ मध्ये पीक बुडाल्यावर सोव्हिएत संघाने कॅनडासह परदेशांतून गहू विकत घेतला; त्याआधीच्या कुठल्याही दुष्काळात मॉस्कोने एवढा मोठा गहू आयात केला नव्हता. पुढे तेलाच्या पैशावर ती आयात नेहमीचीच झाली.

या सगळ्यामागे एकटे नोव्होचेर्कास्क होते असे मी म्हणणार नाही. शेजारच्या पोलंडमध्ये डिसेंबर १९७० मध्ये दरवाढीवरून बंदरांतले कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि पक्षप्रमुख गोमुल्का यांना जावे लागले. तो धडाही मॉस्कोने पाहिला होता. पण मूळ भीती १९६२ ची. दर वाढवला की कामगार रस्त्यावर येतो आणि कामगाराच्या राज्याला कामगारावर गोळी झाडावी लागते, हे नेत्यांनी पाहिले होते. यावर एक उपाय असा होता की कामगाराला खरी संघटना, खरे वर्तमानपत्र आणि तक्रारीचा खरा रस्ता द्यावा, म्हणजे दरवाढीवर आधी बोलणी होऊ शकतील. तो उपाय त्यांनी टाळला आणि दर गोठवण्याचा उपाय पत्करला. सत्तेचे दार उघडण्यापेक्षा तिजोरीचे उघडणे त्यांना सोपे वाटले. माझ्या मते सोव्हिएत अर्थव्यवस्था पोखरली जाण्यात या निवडीचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे.

१९८८ मध्ये शापोश्निकोव्ह यांना निर्दोष ठरवले गेले. १९९२ मध्ये कब्रस्तानांतली ठिकाणे शोधून काढली गेली आणि १९९४ मध्ये सापडलेले अवशेष नोव्होचेर्कास्कमध्ये दफन झाले. गोळीबाराच्या जबाबदारीबद्दल लष्करी सरकारी वकिलांनी तपास केला, पण ज्यांना जबाबदार धरले गेले ते मुख्य नेते तोवर हयात नव्हते, म्हणून प्रकरण बंद झाले.

दर गोठवण्याचा उपाय मात्र त्याआधीच संपला होता. २ एप्रिल १९९१ रोजी सोव्हिएत सरकारने पुन्हा एकदा अन्नाचे दर वाढवले; मांसाचे सुमारे तिप्पट. खाण कामगार त्याआधी महिनाभर संपावर होतेच. दरवाढीनंतर दोनच दिवसांत बेलारूसमधल्या मिन्स्कचे कामगार कारखाने सोडून शहराच्या मुख्य चौकात जमले. पहिल्या दिवशी त्यांच्या मागण्या पगाराच्या आणि किमतींच्या होत्या. काही दिवसांतच त्यांनी सरकारने राजीनामा द्यावा आणि कारखान्यांतून पक्षाच्या समित्या काढून टाकाव्यात अशी मागणी केली. या वेळी वर्तमानपत्रांनी बातमी छापली, दूरचित्रवाणीने चौक दाखवला, आणि गोळी चालवण्याचा हुकूम कोणी दिला नाही. डिसेंबरमध्ये ते राज्यच उरले नाही.